पाईनवुड डर्बीचा ट्रॅक आणि टायमर : न्यू जर्सीतील एका पॅकच्या खरेदीचे प्रकरण

शर्यत संपली की निकालाचे कागद एरवी कचऱ्याच्या पिशवीत जातात. त्या वर्षी मी ते घरी आणले आणि या प्रकरणाची सुरुवात तिथून झाली. न्यू जर्सीतील एका चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या आमच्या कब स्काउट पॅकच्या, म्हणजे स्काउट मुलांच्या स्थानिक गटाच्या, पाईनवुड डर्बीत, म्हणजे मुलांनी स्वतः केलेल्या छोट्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीत, ३८ गाड्या उतरल्या होत्या. ट्रॅक तीन लेनचा, लाकडी, ३२ फूट लांबीचा, कुणा जुन्या पालकाने वीसेक वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने करून दिलेला होता. टायमर नव्हता, शेवटच्या रेषेपाशी दोन पालक गुडघ्यांवर बसून कोण पहिले आले ते सांगत आणि तिसरा ते कागदावर उतरवून घेई. त्या कागदांवर प्रत्येक फेरीत कोणत्या लेनमधील गाडी जिंकली याच्या खुणा होत्या. लेनचा काही प्रभाव नसता तर प्रत्येक लेनच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश विजय यायला हवे होते; प्रत्यक्षात मधल्या लेनने निम्म्याहून अधिक फेऱ्या जिंकल्या होत्या. तिसऱ्या लेनमधून हरून बाहेर पडलेल्या एका मुलीच्या वडिलांनी शर्यतीच्या दिवशी केलेली तक्रार आम्ही ‘हरल्यावर कोण असे म्हणत नाही’ असे मनाशी म्हणून सोडून दिली होती. ती तक्रार बऱ्याच अंशी खरी होती.

पुढच्या हिवाळ्याच्या आत नवा ट्रॅक आणि टायमर घ्यावा असे पालकांच्या समितीने ठरवले, आणि मोजणी मीच केलेली असल्यामुळे चौकशीचे काम माझ्या गळ्यात पडले. या समितीत मराठी घरे दोनच होती. बाकीची मंडळी तिथलीच, स्वतः लहानपणी ही शर्यत खेळलेली. आम्हां दोन घरांना मात्र हा सगळा प्रकार मुलांबरोबरच शिकावा लागला, आणि त्याचा एक फायदा असा झाला की ‘हे असेच असते’ म्हणून कोणतीही गोष्ट आम्ही सोडून दिली नाही.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची थोडी ओळख आवश्यक आहे. कब स्काउट ही अमेरिकेतील स्काउट चळवळीची बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांसाठीची शाखा आहे; २०१८ पासून तिच्यात मुलींनाही प्रवेश आहे. प्रत्येक मुलाला पाईनच्या लाकडाचा एक ठोकळा, चार खिळे आणि प्लॅस्टिकची चार चाके मिळतात. ठोकळा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच जाड असतो. त्याला कापून, घासून, रंगवून मूल आपली गाडी तयार करते आणि ती उतारावरून केवळ स्वतःच्या वजनाने धावते. वजनाची कमाल मर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी या कबमास्टरने, म्हणजे पॅकच्या प्रमुखाने, १९५३ साली ही शर्यत पहिल्यांदा भरवली. ते नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत काम करीत. त्यांचा मुलगा सोप बॉक्स डर्बी या मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत भाग घेण्याइतका मोठा नव्हता, म्हणून त्यांनी हा लहान प्रकार काढला. त्या पहिल्या शर्यतीतच ३१ फुटांच्या उतरंडीच्या टोकाशी दाराच्या घंटीच्या सामानातून तयार केलेली, बॅटरीवर चालणारी निकाल-यंत्रणा बसवली होती. डोळ्यांवर सोडून भागत नाही हे पहिल्याच वर्षी मान्य झाले होते; सत्तर वर्षांनंतर आम्ही मात्र गुडघ्यांवर बसून डोळेच ताणत होतो.

समितीच्या पहिल्या बैठकीत चार वेगवेगळ्या मागण्या पुढे आल्या. एका पालकाला सहा लेनचा ट्रॅक हवा होता, कारण त्यामुळे शर्यत लवकर आटोपेल असे त्यांना वाटत होते. दुसरे एक इंजिनिअर गृहस्थ सेकंदाचा दहा हजारावा भाग मोजणाऱ्या टायमरवर अडून बसले होते. तिसऱ्या एका आजोबांचे म्हणणे होते की जुन्या ट्रॅकमध्ये काहीही वाईट नाही, त्याच्यावर एक शनिवार खर्च केला तर तो पुन्हा सरळ होईल. खजिनदार बाईंना फक्त एवढेच विचारायचे होते की मुलांनी शरद ऋतूत दारोदार पॉपकॉर्न विकून जमवलेले पैसे वर्षातून तीन तास वापरल्या जाणाऱ्या वस्तूत का घालायचे. या चारही मागण्यांमध्ये एक गोष्ट राहून गेली होती. विजेता ठरवायचा कसा, बाद फेऱ्यांनी, गुणांनी की वेळांच्या सरासरीने, हे कुणीच बोलत नव्हते. ट्रॅकची लांबी, लेनची संख्या, टायमरची सूक्ष्मता या सगळ्यांची उत्तरे त्या एका उत्तरावर अवलंबून आहेत, हे माझ्याही लक्षात यायला दोन आठवडे गेले.

लेनचा हिशोब

आमची जुनी पद्धत बाद फेऱ्यांची होती. गाडी दोनदा हरली की घरी. तीन लेनच्या फेरीत एकच गाडी जिंकते आणि दोन हरतात, त्यामुळे बऱ्याच मुलांची शर्यत दोन धावांतच संपत असे. ३२ फुटांच्या ट्रॅकवर एक धाव अडीच सेकंदांच्या आसपास चालते. म्हणजे महिनाभर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसलेल्या सात वर्षांच्या मुलाला प्रत्यक्ष शर्यत पाच सेकंद मिळायची, आणि उरलेले दोन तास तो डोनट खात इतरांच्या गाड्या पाहायचा.

याला पर्याय म्हणून प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमधून एकदा धावेल असा तक्ता आज बहुतेक पॅक वापरतात. त्यामुळे एखादी लेन वेगवान असली तरी तिचा लाभ सर्वांना सारखाच मिळतो. या पद्धतीत एक गंमत आहे आणि सहा लेनची मागणी तिच्यामुळेच बाजूला पडली. ३८ गाड्या आणि चार लेन असतील तर प्रत्येक गाडीच्या चार धावा, म्हणजे एकूण १५२ धावा होतात. एका फेरीत चार गाड्या धावतात, म्हणून ३८ फेऱ्या लागतात. सहा लेन घेतल्या तर एकूण धावा २२८, एका फेरीत सहा गाड्या, म्हणजे पुन्हा ३८ फेऱ्याच. लेन कितीही घ्या, फेऱ्यांची संख्या गाड्यांच्या संख्येइतकीच राहते. लेन वाढवल्याने वेळ वाचत नाही, फक्त प्रत्येक मुलाच्या धावा वाढतात. उलट सहा मुलांना हाका मारून सहा गाड्या खुंट्यांना टेकवून ठेवण्यात प्रत्येक फेरीमागे थोडा वेळ जास्तच जातो. एका फेरीला दोन मिनिटे धरली तर ३८ फेऱ्या सव्वा तासात होतात, आणि या वयाच्या मुलांचा धीर तेवढाच असतो. चार लेन पुरेशा आहेत हे कागदावर मांडून दाखवल्यावर सहा लेनचा आग्रह धरणारे पालकच चार लेनचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते झाले.

गुण द्यायचे की वेळ मोजायची, हा पुढचा प्रश्न. गुणांची पद्धत दिसायला न्याय्य आहे: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. पण ती न्याय्य ठरण्यासाठी प्रत्येक गाडीला सारख्याच तोलाचे प्रतिस्पर्धी मिळाले पाहिजेत. चार लेन आणि नेमक्या १३ गाड्या असतील तर असा तक्ता करता येतो की प्रत्येक गाडी उरलेल्या १२ गाड्यांपैकी प्रत्येकीशी बरोबर एकदा भिडते. ३८ गाड्यांमध्ये चार धावांत प्रत्येक गाडीची गाठ फार तर १२ जणींशी पडते, आणि त्या १२ कोणत्या हे नशिबावर राहते. तीन अतिवेगवान गाड्यांबरोबर पडलेली चौथ्या क्रमांकाची गाडी गुणांच्या यादीत विसाव्या स्थानावर जाऊ शकते. म्हणून समितीने चार धावांच्या वेळांच्या सरासरीने क्रम लावायचे ठरवले. हा निर्णय झाला आणि खरेदीच्या प्रश्नाचे रूपच बदलले. गुणांच्या पद्धतीत एका फेरीतील गाड्यांची आपसांत तुलना होते. वेळेच्या पद्धतीत सकाळी दहाला धावलेल्या गाडीची तुलना साडेअकराला धावलेल्या गाडीशी होते. तेव्हा आपल्याला अतिवेगवान ट्रॅक नको होता. ३८ वेळा तंतोतंत सारखा वागणारा ट्रॅक हवा होता.

दशांशस्थळे आणि स्टार्ट गेट

इंजिनिअर पालकांच्या मागणीकडे या दृष्टीने पाहणे भाग होते. ट्रॅकचा वरचा भाग जमिनीपासून साधारण चार फूट उंच असतो. घर्षण नसते तर तेवढ्या उतारावरून आलेल्या वस्तूला सेकंदाला सुमारे ४.९ मीटर वेग मिळाला असता. आसांवरचे घर्षण आणि चाके फिरवण्यात खर्ची पडणारी ऊर्जा वजा करता चांगल्या गाडीचा वेग साडेचार मीटरच्या आसपास राहतो. या वेगाने एक सहस्रांश सेकंदात गाडी साडेचार मिलिमीटर पुढे सरकते. दोन गाड्यांत एक इंचाचे अंतर असेल तर ते वेळेत साडेपाच सहस्रांश सेकंदांचे होते. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या फोनच्या चित्रणात लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये गाडी जवळजवळ १९ मिलिमीटर पुढे गेलेली असते, आणि हाताने दाबायच्या स्टॉपवॉचची चूक तर दशांश सेकंदाची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मीटरची असते. तेव्हा फोन आणि स्टॉपवॉच हे दोन्ही पर्याय बाद झाले. पण तीन दशांशस्थळांनंतर चौथे स्थळ मोजून काय मिळते? अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर. एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन धावांमध्ये त्याच्या कितीतरी पट फरक पडतो.

हा फरक कुठून येतो ते पाहण्यासाठी आम्ही शेजारच्या पॅककडून टायमर उसना आणला, आमच्या जुन्या ट्रॅकवर बसवला आणि माझ्या मुलाची गाडी एकाच लेनमधून दहा वेळा सोडली. दहा वेळांमधील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वेळेतले अंतर इतके होते की तेवढ्यात त्या वर्षीच्या पहिल्या पाच गाड्या सहज मावल्या असत्या. त्या पाचही गाड्या मुलांकडून मागवून आम्ही त्याच लेनवर सोडून पाहिल्या होत्या, म्हणून हे ठामपणे सांगता येते. दोष लाकडात असेल असे मला वाटत होते. तो निघाला वरच्या टोकाशी गाड्या अडवून एकदम सोडणाऱ्या गेटमध्ये.

गेटची रचना साधी असते. प्रत्येक लेनमध्ये एक खुंटी वर आलेली असते, गाडीचे नाक तिला टेकलेले असते. सर्व खुंट्या एका आडव्या दांडीला जोडलेल्या असतात आणि दांडी फिरली की खुंट्या एकदम पुढे-खाली पडतात. आमच्या गेटची दांडी एका बाजूच्या तरफेने हाताने खाली घ्यावी लागे. हात कधी झटक्याने खाली जाई, कधी सावकाश. सावकाश गेला तर गाडी खुंटीला चिकटून तिच्या वेगाने सरकू लागते, म्हणजे तिला मोकळी सुरुवात मिळतच नाही. आणि टायमरचा स्विच तरफेच्या ठरावीक कोनाला दाबला जात असल्यामुळे घड्याळ मात्र सुरू झालेले असते. एका फेरीतील सर्व गाड्यांना हा तोटा सारखाच होतो, म्हणून गुणांच्या पद्धतीत तो दिसत नाही. वेळेच्या पद्धतीत मात्र गेटपाशी उभ्या असलेल्या माणसाचे मनगट निकालात शिरते. तरफेऐवजी स्प्रिंग लावून पाहिल्यावर दहा धावांमधील तफावत लगेच निम्म्याहून खाली आली. लाकडाला आम्ही अजून हातही लावला नव्हता.

त्याच दिवशी मधल्या लेनचे कोडेही सुटले. दांडी इतक्या वर्षांत मधोमध किंचित वाकली होती आणि त्यामुळे मधली खुंटी इतर दोघींच्या आधी रस्ता मोकळा करीत होती. ज्यांनी ती दांडी बसवली त्यांचा यात दोष नाही. लाकडी दांडी वीस वर्षे ताणाखाली ठेवली तर ती वाकणारच. पण त्या वाकलेपणामुळे किती मुले हरली असतील याचा हिशोब मी केला नाही, आणि तो करू नये असेच मला वाटते.

लाकूड की अॅल्युमिनियम

या ठिकाणी माझे वैयक्तिक मत समितीहून वेगळे होते आणि ते नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. आजोबांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे चाचणीनंतर मला वाटू लागले. लेनच्या मधोमध असलेली पट्टी, जिच्यावरून गाडी दोन्ही बाजूंची चाके टाकून धावते, ती एक इंच पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रुंद आणि दोन सूत उंच असते. गाडीच्या चाकांमधील अंतर नियमाने पावणेदोन इंच, म्हणजे पट्टीला आणि चाकांना मिळून एक सुताची मोकळीक. गाडीच्या पोटाखाली तीन सूत जागा असते, म्हणजे पट्टी आणि पोट यांतही एकच सूत. आपल्याकडचे सुतार ज्या मापात बोलतात त्याच मापात हे सगळे बसते, आणि कसलेल्या सुताराला ही मापे लाकडात सांभाळणे अवघड नाही. लाकडी ट्रॅक आवाज कमी करतो, डागडुजीला सोपा असतो आणि त्याच्यावर खर्च जवळजवळ नसतो. दोन शनिवार खपून आम्ही जुन्या ट्रॅकचे सांधे घासून एकपातळी केले, पाणसळ लावून तिसऱ्या लेनचा बाजूकडचा कल काढला, आणि तिन्ही लेनमधील फरक बराच कमी करून दाखवला.

पण तीन आठवड्यांनी पुन्हा मोजले तेव्हा एका सांध्याशी पायरी परत आली होती. ट्रॅक चर्चच्या तळघरात उभा करून ठेवावा लागतो आणि तिथली हवा उन्हाळ्यात दमट असते. कोकणातील घरांची दारे आषाढात जशी चौकटीत अडकतात आणि दिवाळीला मोकळी होतात तसेच हे होते. फरक एवढाच की दार अडकले तर खांद्याने ढकलता येते. शर्यतीच्या सकाळी सातला पायरी सापडली तर रंधा घेऊन बसायला कुणाला वेळ नसतो, आणि ज्यांना रंधा धरता येतो ते आजोबा दरवर्षी असतीलच असेही नाही. खजिनदार बाईंनी हाच मुद्दा मांडला, आणि मला त्यावर उत्तर नव्हते. पॅकमधील मुले पाच-सहा वर्षांत मोठी होऊन निघून जातात आणि त्यांच्याबरोबर पालकही जातात. उपकरण असे हवे की ज्याने ते कधी पाहिलेलेही नाही अशा पालकाला तासाभरात ते जोडता यावे.

बाजारात लाकडी ट्रॅक तयारही मिळतात, आणि अॅल्युमिनियमच्या ट्रॅकमध्ये बेस्टट्रॅक हे नाव सर्वांत जास्त ऐकू येते. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या साच्यातून दाबून काढलेल्या असल्यामुळे त्यांची मापे लेनोलेन सारखी असतात आणि त्या फुगत नाहीत. सांधे त्यांनाही असतातच, कारण सात-सात फुटांचे भाग पट्ट्या आणि बोल्टनी जोडायचे असतात. बोल्ट सैल राहिला तर अॅल्युमिनियमवरची पायरीही लाकडावरच्या पायरीइतकीच गाडीला उडवते. आवाजाने मात्र कान किटतात.

लांबी ठरवताना हॉलची लांबी निर्णायक ठरली. ४९ फुटांचा ट्रॅक घ्यावा असे काहींचे मत होते, कारण सपाट भाग जितका लांब तितका चाकांच्या आणि आसांच्या कामाचा कस लागतो आणि गाड्यांमधील फरक ठळक दिसतो. ते बरोबर आहे. परंतु मापाचा फीता घेऊन हॉलमध्ये गेल्यावर असे दिसले की वरच्या टोकामागे गाड्या ठेवणारा माणूस उभा राहिला पाहिजे, खालच्या टोकाशी गाड्या थांबण्याचा भाग आणि त्यापुढे गाड्या उचलणारा पालक मावला पाहिजे, आणि इतके करून आपत्कालीन दारासमोरची वाट मोकळी राहिली पाहिजे. ४२ फुटांत हे सगळे जेमतेम बसत होते. शिवाय सात फुटांचे भाग कुणाच्या गाडीत मावतात हेही पाहिले. मागची आसने पाडलेल्या मिनीव्हॅनमध्ये, पुढच्या दोन आसनांमधून टोक बाहेर काढून, ते मावले.

किमतीचा प्रश्न शेवटी विभागणीने सुटला. जवळच्या दोन पॅकना आमच्याइतकीच अडचण होती, आणि तिघांच्या शर्यती जानेवारी ते मार्च या काळात वेगवेगळ्या शनिवारी भरतात. तिघांनी खर्च सारखा वाटून घेतला. मी एक पानाचा करार लिहिला: ट्रॅक कुठे राहील, नेण्या-आणण्याची जबाबदारी कुणाची, तुटलेल्या भागाचे पैसे कोण देईल, आणि परत करताना प्रत्येक बोल्ट मोजून डब्यात टाकायचा. हे एक पान या प्रकरणातील सर्वांत उपयोगी कागद ठरले, निकालाच्या कागदांहूनही.

टायमर निवडताना

टायमरच्या बाबतीत मायक्रोविझार्ड आणि इतर दोन-तीन उत्पादकांची माहितीपत्रके आम्ही वाचली. बहुतेकांचे तत्त्व एकच आहे. शेवटच्या रेषेवर कमानीसारख्या पट्टीतून अवरक्त प्रकाश खाली सोडलेला असतो, प्रत्येक लेनच्या मधोमध ट्रॅकमध्ये त्याचा संवेदक बसवलेला असतो, आणि गाडीच्या नाकाची सावली संवेदकावर पडली की त्या लेनचे घड्याळ थांबते. कोणता घ्यायचा हे ठरवताना आम्ही दशांशस्थळांपेक्षा चार साध्या गोष्टींना महत्त्व दिले. गेटशी जोडलेला सुरुवातीचा स्विच त्याला असावा. एखादी लेन रिकामी असेल तर ती वगळण्याची सोय असावी, कारण आजारी पडलेल्या मुलाची गाडी नसते आणि मग टायमर त्या लेनची वाट पाहत बसतो. एखादी गाडी मध्येच थांबली तर फेरी संपवता यावी. आणि शर्यतीच्या सॉफ्टवेअरशी त्याचे जुळावे. सॉफ्टवेअरमध्ये ग्रँडप्री रेस मॅनेजर हे विकत मिळते आणि डर्बीनेट हे मोफत, मुक्त स्रोत आणि ब्राउझरमध्ये चालणारे आहे. आम्ही मोफत घेतले. त्यात फेऱ्यांचा तक्ता आपोआप तयार होतो आणि पुढच्या फेरीतील मुलांची नावे पडद्यावर दिसतात, त्यामुळे हाका मारून घसा बसत नाही. टायमर संगणकाला जोडण्याच्या तारेने मात्र एक संध्याकाळ खाल्ली. जुन्या पद्धतीचा सिरियल जोड यूएसबीत बदलणारा अडॅप्टर लागत होता, आणि पहिला अडॅप्टर संगणकाने ओळखलाच नाही. ही अडचण शर्यतीच्या आठ दिवस आधी आली म्हणून निभावली.

इंजिनिअर पालकांना चौथे दशांशस्थळ मिळालेच, कारण आम्ही निवडलेल्या टायमरमध्ये ते होते. ते पडद्यावर दाखवायचे नाही असे मात्र सर्वानुमते ठरले.

शर्यतीचा दिवस

ट्रॅक जोडायला ५० मिनिटे लागली. जोडणाऱ्यांपैकी दोघांनी तो त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला होता. पहिल्या दहा फेऱ्या व्यवस्थित झाल्या. अकराव्या फेरीत चौथ्या लेनमधील गाडी डोळ्यांदेखत रेषा ओलांडून गेली आणि घड्याळ थांबले नाही. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. तारा तपासल्या, स्विच तपासला. शेवटी एका आठ वर्षांच्या मुलीने विचारले की चौथ्या लेनवरच ऊन का पडले आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून किरण तिरपे येऊन नेमके त्या संवेदकावर पडत होते, आणि सूर्यप्रकाशात अवरक्त भाग भरपूर असल्यामुळे गाडीची सावली पडूनही संवेदकाला अंधार दिसत नव्हता. चर्चच्या स्वयंपाकघरातील टेबलक्लॉथ खिडकीवर चिकटवला आणि शर्यत पुढे सुरू झाली. आता करारात ‘खिडक्या झाका’ हे वाक्य जोडले आहे.

दुसरी अडचण गाड्यांच्या आकाराची होती. एका मुलाने गाडीचे नाक बेडकाच्या जबड्यासारखे मधोमध खोल कापले होते. संवेदक लेनच्या मध्यावर असल्यामुळे त्याला जबड्याच्या टोकांऐवजी आतला खळगा दिसत होता, आणि गाडी प्रत्येक धावेत खळग्याच्या खोलीइतकी उशिरा मोजली जात होती. मुलाला ते समजावून सांगताना त्याचा चेहरा पडला. त्याने त्या खळग्यावर पुठ्ठ्याची जीभ चिकटवली, वजन पुन्हा करून घेतले आणि तो पळत परत गेला. गाडीचे नाक मधोमध पूर्ण असावे आणि ते खुंटीला टेकेल इतके खाली असावे, ही दोन वाक्ये पुढच्या वर्षीच्या नियमपत्रकात आली.

संध्याकाळी मी चारही लेनच्या सर्व वेळांची सरासरी काढली. चौथी लेन इतरांपेक्षा किंचित मंद निघाली. तिचा तिसरा सांधा थोडा सैल राहिला होता हे ट्रॅक सोडवताना दिसले. प्रत्येक गाडी चारही लेनमधून धावलेली असल्यामुळे क्रमवारीवर त्याचा परिणाम झाला नाही, पण लेनच्या सरासरी आम्ही निकालाच्या फलकावरच लावून टाकल्या. मागच्या वर्षी तक्रार केलेले गृहस्थ त्या फलकासमोर बराच वेळ उभे होते. त्यांनी आकडे फोनमध्ये टिपून घेतले आणि चौथ्या लेनचे काय, असे विचारले. मी सैल बोल्ट दाखवला.

जुना ट्रॅक टाकून दिलेला नाही. त्याचा वरचा आठ फुटांचा भाग आम्ही ठेवला आहे आणि मुले जानेवारीत गाड्या तयार करायला जमतात तेव्हा तो हॉलच्या कोपऱ्यात उभा असतो. स्प्रिंग काढून त्याच्यावर ती जुनी वाकलेली दांडी पुन्हा बसवली आहे. दोन सारख्या गाड्या मुलांच्या हातात द्यायच्या, मधल्या आणि कडेच्या लेनमधून सोडायला सांगायच्या, आणि मधलीच दरवेळी का जिंकते ते त्यांनी शोधून काढायचे. आजोबा शेजारी खुर्ची टाकून बसलेले असतात आणि उत्तर कुणालाही सांगत नाहीत.